द्वारकाबाईच्या हाडातला कारागीर

मी एक रायबोझोम. नाव ऐकून लगेच तोंड वाकडं करू नका, ते मी ठेवलेलं नाही. तुमच्या अंगातल्या एकेका पेशीत आमची लाखांची वस्ती असते आणि तुम्ही आम्हाला जन्मात कधी साधं 'बरं आहे का' म्हणून विचारलेलं नसतं. आम्ही प्रथिनं घडवणारे कारागीर. नखं, केस, दंडाची बेडकी, रक्ताचा रंग, जे जे तुम्ही 'माझं माझं' म्हणून मिरवता, ते सगळं आमच्या हातून गेलेलं असतं. असो. तक्रार करायला बसलो तर वेळ पुरणार नाही, आणि वेळ माझ्याकडे कधीच नव्हता.

माझा जन्म वडीगोद्रीच्या द्वारकाबाईच्या छातीच्या मधल्या हाडात झाला. औरंगाबाद-बीड रस्त्याला लागून तिचं आणि तिच्या सासूचं चहाचं हॉटेल आहे. मी तिला नुसतं द्वारकाच म्हणणार. ज्याने बाईच्या हाडात राहायचं त्याने औपचारिकपणा कशाला करायचा? मला बाहेरचं दिसत काही नाही. पण हाडात आवाज फार स्वच्छ पोचतो. तिचं स्वतःचं बोलणं तर असं घुमतं की दचकायला होतं. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला, स्टोव्हला पंप मारला, कपबश्या विसळल्या, सगळं आम्हाला कळतं.

मज्जेतल्या एका पेशीच्या केंद्रकात माझे दोन तुकडे घडले, एक लहान आणि एक मोठा. पेशी साधीसुधी नव्हती, पुढे रक्ताची लाल पेशी व्हायला निघालेली होती. काम काय ते जन्मतःच माहीत असतं. केंद्रकातून नमुन्याची पट्टी येते. लहान तुकड्याने ती धरायची, मोठ्याने वरून बसायचं, पट्टीवरच्या तीन-तीन खुणा वाचत पुढे सरकायचं आणि खुणेप्रमाणे मणी ओवत जायचं. अमिनो आम्लांचे मणी. एकाच पट्टीवर आम्ही चार-पाच जण एकामागे एक धावतो. मिनिटाभरात एक माळ पुरी. अल्फा माळ एकशे एकेचाळीस मण्यांची, बीटा माळ एकशे सेहेचाळीस मण्यांची. अशा दोन-दोन माळा एकत्र आल्या, प्रत्येकीच्या पोटात हीम नावाची टिकली बसली, आणि टिकलीच्या मधोमध लोहाचा एक अणू असला, की झालं हिमोग्लोबिन. हेच तुमचा श्वास पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवतं.

मी जन्मलो त्याच दिवशी दुपारी नर्सबाई आल्या. कांताबाई त्यांचं नाव, गावोगाव फिरून गरोदर बायकांची तपासणी करायचं काम. द्वारकाला आठवा महिना चालू होता. बाईंनी कार्ड भरताना तारीख मोठ्याने म्हटली, फेब्रुवारी एकोणीसशे शहाण्णव. मग बोटाला सुई टोचली, काचनळ्या किणकिणल्या, आणि नंतर त्यांचा आवाज एकदम चढला.

"सहा! द्वारका, रक्त मागल्या महिन्यात बी सहाच होतं. गोळ्या खाऊन राह्यलीस का उकिरड्यावर टाकून राह्यलीस?"

"खाऊन राह्यले बाई. जेवण झालं की लगीच खाते. इचारा आत्याबाईला."

"खाती ती. माझ्यासमोर खाती," सासू म्हणाली. झुंबरबाई तिचं नाव, आवाज असा की पलीकडच्या पंक्चरवाल्याने वळून बघावं.

"मंग जातंय कुठं?" नर्सबाई आता हळू बोलत होत्या. "हे बघ, तुला भिववायचं म्हणून सांगत न्हाई. थोरलीच्या बाळंतपणात किती रक्त गेल्तं, इसरलीस? तवा अंगात दहा होतं म्हणून तगलीस. ह्या टायमाला सहा घेऊन गेलीस अन् तेवढंच गेलं, तर काय व्हईल? रक्ताची बाटली येळेवर भेटंलच असं बिलकुल धरून चालू नको. दीड महिना राह्यलाय. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासते. आकडा वर सरकला पाहिजे."

 हाडाखाली द्वारकाचं काळीज जे धडधडायला लागलं, त्याने आमची सगळी पेशी हादरली. एका दिवसाचं वय माझं, तरी मला कळलं की ही धडधड आपल्या कामाशी बांधलेली आहे. मी पट्टी धरली आणि ओवायला सुरुवात केली.

दोन दिवस काम कसंबसं चाललं. तिसऱ्या दिवशी पट्टी हातात, मण्यांचा ढीग समोर, अंगात जोर, आणि माळ सुरूच होईना! प्रत्येक माळेचा पहिला मणी आणून देणारे हमाल ठरलेले असतात. त्यांनी तो मणी लहान तुकड्याच्या हातात ठेवला की मगच आमचं ओवणं सुरू होतं. पाहतो तर हमाल गायब. चार-दोन दिसले, त्यांच्या पाठीवर फॉस्फेटचा शिक्का. शिक्का बसलेला हमाल नवा मणी उचलू शकत नाही. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण रिकाम्या हमालांना पुन्हा कामाला जुंपणारा जो गडी असतो, तो शिक्क्याच्या हमालाला असा चिकटून बसतो की सुटता सुटत नाही. मग बिनशिक्क्याचे हमालही खोळंबतात. थोडेसे शिक्के मारले की अख्खा कारखाना ठप्प.

शिक्के मारत होता आमचा मुकादम. प्रत्येक लाल पेशीत असा एक मुकादम असतो. हीमच्या टिकल्या भरपूर असल्या की त्या त्याला धरून बसवतात, तो पेंगत राहतो. टिकल्या कमी पडल्या की तो जागा होतो आणि शिक्का उचलतो.

मी त्याच्यावर तुटून पडलो. "काय चालवलंय हे? तिकडे बाईचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्ही काम बंद पाडता?"

मुकादमही मराठवाड्याच्या हाडातलाच. त्याने शांतपणे आणखी एका हमालाच्या पाठीवर शिक्का मारला. "टिकल्या हायत का?"

"येतील की! तोवर माळा तर ओवून ठेवू."

"तुला फकस्त ओवणं कळतं. टिकलीबिगर माळ उघडी पडती. उघड्या माळांचा गुंताडा होतो, पेशी आतून खराब होती. मंग माळ न्हाई, टिकली न्हाई, अन् पेशी बी न्हाई. लोह आण, मी आत्ता झोपतो."

मला त्याचं बोलणं मुळीच पटलं नाही. खरं सांगायचं तर पटलं होतं, पण राग गेला नाही. कामाची सवय असलेल्याला हातावर हात ठेवून बसवणं ही मोठी शिक्षा आहे. मी पट्टीवर चढायचो, उतरायचो, पुन्हा चढायचो. दोन्ही तुकडे एकत्र आणायचो, सोडायचो. शेजारी म्हणाले, गप बस, बाबा. गप बसायला मी काय दगड आहे?

शिवाय एक गोष्ट मला आतून पोखरत होती. आमच्यासारख्या पेशीला ठरावीक दिवसच मिळतात. काही दिवसांत तिचं केंद्रक बाहेर टाकलं जातं. त्यानंतर नवी पट्टी येत नाही, नवा रायबोझोम जन्मत नाही. आहेत त्या पट्ट्यांवर, आहेत त्या कारागिरांनी, दोन-तीन दिवसांत काय ते उरकायचं. नाहीतर पेशी खुजी आणि फिकट अशीच रक्तात ढकलली जाते. द्वारकाच्या अंगात अशा फिकट पेशींची काही कमी नव्हती.

आणि लोह का येत नव्हतं, हे मला समजत नव्हतं. गोळी ती खरंच खात होती. आम्ही ऐकायचो ना! दुपारचं जेवण झालं, ताट सरकवलं, डबी उघडल्याचा आवाज, गोळी तोंडात, वरून घोट. रोज. न चुकता. गोळी पोटात उतरायची आणि आमच्यापर्यंत तिच्यातलं काही म्हणजे काही पोचायचं नाही.

पाचव्या दिवशी कांताबाई हॉटेलात आल्या, त्या तपासणीला नव्हे. घनसावंगीला जायची जीप भरायची होती. जीप चालवतो द्वारकाचा नवरा कारभारी, आणि दहा माणसं भरल्याशिवाय तो चावी फिरवत नाही. म्हणून बाई बाकावर टेकल्या.

स्टोव्हवर किटली उकळली. झुंबरबाईने उतरवली, बशीत थोडा चहा ओतला आणि द्वारकाच्या पुढे धरला. द्वारकाने फुर्रकन ओढला. "बराबर हाय." मग कप भरले गेले. अर्ध्या तासात दुसरी किटली. पुन्हा बशी, पुन्हा फुर्र, पुन्हा "बराबर हाय." त्यानंतर द्वारका जेवायला बसली. जेवण होताहोता तिसरी किटली आली. डबी उघडली, गोळी जिभेवर ठेवली, आणि बशीतल्या चहाबरोबर ती गिळली.

"थांब!" नर्सबाई ओरडल्या. हाड झणझणलं. "गोळी कशासंगं खाल्लीस?"

"चहासंगं. चाखायचाच होता, मंग कशाला येगळं पाणी?"

"रोज?"

"रोज."

"अगं बाई! चहा त्या गोळीतलं लोह पोटातच धरून ठेवतो. आंगाला लागूच देत न्हाई. अन् तू दिवसभर किती येळा चाखतीस?"

द्वारका मनात मोजत असावी. उत्तर झुंबरबाईने दिलं. "जितक्या किटल्या तितक्या बश्या. ईस-पंचवीस."

त्या हॉटेलाचा तो नेमच होता. कधीकाळी एका बीडच्या ट्रकवाल्याने बिनसाखरेचा चहा आला म्हणून चारचौघांत बोंब मारली होती. तेव्हापासून चाखल्याशिवाय त्या किटलीतला एक कप कुणाला द्यायचा नाही, अशी झुंबरबाईची सक्त ताकीद. लोक म्हणायचे, रस्त्यावर चहा प्यावा तर झुंबरबाईचा. आणि ती शाबासकी कमावण्यासाठी द्वारका दिवसभर आमचं लोह अडवत होती! मला हसावं की रडावं कळेना.

"मंग तुमी चाखा की मावशी," नर्सबाई म्हणाल्या. "हिच्याच मागं कशाला?"

झुंबरबाईने स्टोव्हला उगाच पंप मारायला घेतला. 

"आत्याबाईनं चहा सोडलाय," द्वारका हळूच म्हणाली. "थोरलीच्या टायमाला माझं जास्त झालं ना, तवा त्या जांबच्या देवळात जाऊन नवस बोलल्या. सून हाती लागू दे, मंग चहाला तोंड लावणार न्हाई म्हणून. चार वर्सं झाली. चहाचा धंदा हाय अन् एक थेंब न्हाई घेतला त्यांनी."

 नवसाच्या आड यायचं म्हणजे काय, ते कांताबाईंनाही ठाऊक होतं. बाहेरून कारभारीने "चला जल्दी, जीप भरली" अशी हाक दिली. बाई उठल्या. "मला माझं सांगायचं ते सांगते. बाळंतपण होईस्तोवर हिला चहा बंद. बशीभर बी न्हाई. गोळी लिंबाच्या पाण्यासंगं. मावशी, तुमी पाहा काय करायचं ते."

जीप गेली. मी श्वास रोखून होतो, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. किटली पुन्हा उकळायला लागली. गिऱ्हाईक कपाची वाट पाहत होतं, त्याने टेबलावर बोटं वाजवायला सुरुवात केली. आतमध्ये मी पट्टीवर चढत-उतरत होतो. चाखायची सवय द्वारकाच्या हाताला होती, तिचा हात बशीकडे गेलाच असणार. कारण झुंबरबाई एकदम गरजली, "ठेव ती खाली!"

"मंग चाखणार कोण?"

"मी."

"आत्याबाई, नेम मोडंल. देवाला बोलल्या ना तुमी."

"तुला ठेवावं म्हणून बोलले होते ना? तू न्हाई राह्यलीस तर माझा नेम घेऊन देव काय करंल?" तिचा आवाज फाटला. "मला पुन्हा तसं बघायचं न्हाई, द्वारका. त्या दिवशी परातीत पाणी लाल होत चाललं, तसं पुन्हा बघायला मी जित्ती राहणार न्हाई. दे इकडं बशी. जांबला जाऊन मी सांगते त्याला काय सांगायचं ते."

मग तो आवाज आला. चार वर्षांनी ओढलेला घोट, लांबलचक फुर्र. आणि त्यामागे एक हुंदका, जो तिने खाकरून झाकला.

"साखर किती कमी टाकून राह्यलीस गं!" झुंबरबाई म्हणाली. "गिऱ्हाईक अजून टिकलं कसं?"

द्वारका हसली. हसता हसता रडली. दोन्हीने हाड सारखंच हलतं, म्हणून नेमकं काय आधी आणि काय नंतर ते मी सांगू शकत नाही.

पुढचे दोन दिवस तिचे वाईट गेले. चहा तोडला की डोकं धरतं. थोरल्या लेकीवर खेकसली, नवऱ्यावर खेकसली, स्टोव्हवरसुद्धा खेकसली. पण बशीला हात लावला नाही. दुपारी डबी उघडायची, गोळी, आणि त्यावर लिंबू पिळलेलं पाणी.

इकडे आमच्या पेशीचं केंद्रक बाहेर पडलं. धक्का बसला तसा मी हादरलो. आता नवी पट्टी नाही, नवा सोबती नाही. मुकादम अजून जागाच. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्यांदाच मला वाटलं की त्यालाही हा शिक्का जड झालाय.

आणि लोह आलं. लोह वाहून आणणारे पेशीच्या दाराशी येऊन धडकले. एक, मग दहा, मग रांगच लागली. तंतुकणिकांनी, म्हणजे पेशीतल्या भट्ट्यांनी, भराभर टिकल्या पाडायला घेतल्या. टिकल्या मुकादमाला लगडल्या, त्याच्या हातातला शिक्का गळला. पेंगता पेंगता तो म्हणाला, "जा, ओव आता. पण माझ्यावर राग धरू नको."

राग धरायला सवड कुणाला होती? हमालांच्या पाठीवरचे शिक्के पुसले गेले, अडकलेला गडी सुटला, पहिला मणी हातात पडला आणि मी सुटलो. एक माळ, दुसरी, दहावी, शंभरावी. पट्टीच्या शेवटाला पोचलो की उडी मारून पुन्हा सुरुवातीला. पुढचा जरा रेंगाळला की मी मागून ढकलायचो. माळ तयार व्हायची, टिकली तिच्या पोटात जायची, चार-चार माळा गळ्यात गळे घालून गोल व्हायच्या. आमची फिकट पेशी बघता बघता लाल झाली. इतकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि मुकादमाने त्या दिवसांत आम्हाला नासू दिलं नाही म्हणूनच ते करायला मी उरलो होतो, हे मी कबूल करतो. त्याच्या तोंडावर मात्र केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

मग पेशी हाडाच्या भिंतीतल्या फटीतून अंग चोरून रक्तात उतरली. काय तो वेग! काळजातून फुप्फुसात, फुप्फुसातून काळजात, तिथून खाली. एका फेरीत आम्ही गर्भाशयाच्या कडेपर्यंत गेलो. भिंतीपलीकडे दुसरं काळीज वाजत होतं, एवढंसं, दुप्पट घाईत. आमच्या माळांनी धरून आणलेला प्राणवायू तिकडे गेला. माझ्यासारखाच चुळबुळ्या दिसतोय, असं मला वाटलं, आणि फार बरं वाटलं.

पण लाल पेशी पुरती घडली की तिला कारागीर नको असतात. आम्हाला मोडून जागा रिकामी करतात. माझे शेजारी एकेक करत सुटे झाले. माझाही मोठा तुकडा खिळखिळा झाला होता, तेवढ्यात पेशी उजव्या हाताच्या बोटात शिरली आणि सुईचं टोक आत आलं.

पंधरा दिवस झाले होते. कांताबाईंनी रक्त बारीक काचनळीत तोंडाने ओढलं. मी त्यात होतो. त्यांनी ते दुसऱ्या नळीतल्या आम्लात सोडलं आणि आमची पेशी फुटली. घडवलेल्या माळा बाहेर सांडल्या, लाल रंगाचा तपकिरी झाला. आता ह्यात थेंब थेंब पाणी घालतात. शेजारच्या ठरावीक तपकिरी काचेइतका रंग फिका होईपर्यंत जेवढं पाणी मावेल, तेवढं त्या अंगात बळ. नळीवर खुणा आहेत. मागच्या वेळी सहाच्या खुणेलाच रंग जुळला होता.

मला फार वेळ नाही. आम्ल मला विरघळवतंय. द्वारका, अजून चार आठवडे आहेत. हाडात माझ्यासारखे रोज नवे जन्मतील, पट्टी धरून बसतील, आणि मुकादम त्यांनाही विचारेल, टिकल्या हायत का? त्यांना नुसतं बसवून ठेवू नकोस. आम्हाला बसणं जमत नाही.

पाचाच्या वर पाणी गेलं. साडेपाच. सहा.

"किती भरलं, बाई?" झुंबरबाईने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

सहाची खूण पाण्याखाली गेली.

"थांबा मावशी," कांताबाई म्हणाल्या, "अजून पाणी मावून राह्यलं."